सोमवारचा पिवळा दिवा

त्या घरात नाजूक प्रकृतीचे दोन जीव होते. एक छकुली, वय नऊ महिने, जी चालत्या गाडीशिवाय दुसरीकडे कुठं झोपायला तयार नसे. दुसरी ती गाडी. डिझेलवर चालणारी, उंच, दगडधोंड्यांतून वाट काढायला जन्मलेली जीप, जी कुठल्याही सोमवारी सपाट रस्त्यावर मान टाकत असे. स्टिअरिंगमागं पिवळा दिवा लागायचा, इंजिन अंग चोरायचं आणि पाय कितीही दाबला तरी गाडी वरातीच्या चालीनं चालायची.

आणि हे सगळं फक्त सून चालवायला बसली की व्हायचं. बुधवारी नवरा गाडी घेऊन जायचा तेव्हा ती गरीब गायीसारखी जायची आणि यायची.

"यंत्राला हात कळतो," सासरे म्हणायचे. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत. नाव न घेता बोलण्यात बाबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. "काही हात गाडीला मानवतात, काही नाही मानवत. त्याला कोण काय करणार."

नवरा अशा वेळी बुटाची नाडी बांधायचा. एकेक नाडी बांधायला त्याला दहा मिनिटं लागत.

सुनेला यावर हसता आलं असतं, पण डोंगरापलीकडच्या धरणावर, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी होती आणि बाळंतपणाची रजा संपत आली होती. एक तारखेला हजर व्हा, अन्यथा जागा भरण्यात येईल, असं पत्र आलं होतं, अत्यंत सभ्य भाषेत. तिथं पाळणाघर होतं. तिथं जायला बस मात्र नव्हती, चाळीस मिनिटांचा चढाचा कच्चा रस्ता होता. बाबांचं म्हणणं एवढंच, की बेभरवशाच्या गाडीतून नातीला घेऊन डोंगरात जायचं नाही. "यंदा राहू दे. पुढच्या वर्षी बघू." जागा पुढच्या वर्षी कुठं बघायची, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

गाडी तीनदा डॉक्टरकडं जाऊन आली होती. डॉक्टर म्हणजे मिस्त्री. इंजिनाच्या पोटाला कान लावून ऐकायची सवय असल्यामुळं त्याला ते नाव पडलेलं. तो गाडीला लॅपटॉप जोडायचा, पडद्यावर उमटलेला बिघाडाचा आकडा बघायचा, "हं" म्हणायचा आणि बटण दाबून आकडा पुसून टाकायचा. दिवा विझायचा. "आता बघा चालवून." मग स्वतः एक चक्कर मारून यायचा आणि गाडी अर्थातच झक्कास चालायची. रोग्याचा ताप उतरवायला तापमापक झटकावा, त्यातला हा प्रकार.

चौथ्यांदा सून गेली ती वही घेऊन.

त्या वहीवरून घरात बरीच करमणूक झालेली होती. छकुली किती वाजता प्यायली, किती वेळ झोपली, काय केलं, कुठल्या रंगाचं केलं, सगळं वेळेसकट. "सरकारी दप्तर," बाबा म्हणायचे. गाडी दगा द्यायला लागल्यावर तिनं समासात गाडीच्याही नोंदी सुरू केल्या होत्या, कारण दोघींची लक्षणं एकाच जातीची होती. सांगता येत नाही, दुखतं कुठं ते कळत नाही, आणि डॉक्टर आला की हसतात.

"आज आकडा पुसू नका," ती म्हणाली. "आधी हे वाचा."

डॉक्टरनं हात फडक्याला पुसले. "ताई, यात संडासाचं काय काय लिहिलंय."

"समास वाचा."

त्यानं समास वाचला. मग मागची पानं उलटली. नऊ वेळा पिवळा दिवा, नऊही वेळा सोमवारी. आणि प्रत्येक सोमवारच्या आदल्या पानावर छकुलीच्या रकान्यात एकच ओळ: *संध्याकाळी सहा. बाबा पंपानं गाडी धुताहेत. आवाजानं रडायला लागली.*

डॉक्टरनं वही मिटून परत दिली. म्हणाला, "शनिवारी काकांनाही घेऊन या."

वहीत अजून एक गोष्ट होती, ती त्यानं वाचली नव्हती. ती तिनं तीन दिवसांपूर्वीच गाडीच्या माहितीपुस्तकाशी ताडून पाहिली होती आणि तेव्हापासून तिला नीट जेवण गेलं नव्हतं.

शनिवारी सगळं कुटुंब गॅरेजात हजर झालं. डॉक्टरनं बाबांना खुर्ची दिली नाही, पाण्याची बंदूक दिली. "काका, गाडी इतकी लख्ख ठेवता कशी? आम्हाला जमत नाही. जरा दाखवा की."

बाबांना दोनदा सांगावं लागलं नाही. पायजमा गुडघ्यापर्यंत घेऊन त्यांनी गाडी चहूबाजूंनी झोडपली, मग वाकून खालून. "खरी घाण पोटात असते," ते शिकवत होते. "आणि धुतली की लगेच ताडपत्री घालायची. धूळ बसत नाही."

डॉक्टरनं ताडपत्री घातली, चहा पाजला, तासाभरानं ताडपत्री काढली. "आता तुम्हीच एक चक्कर मारा काका. हात मानवणारा पाहिजे."

बाबा गेले. कोपऱ्यापर्यंत ऐटीत गेले. परत आले ते वरातीच्या चालीनं, मागं तीन दुचाकी भोंगे वाजवत. स्टिअरिंगमागं पिवळा दिवा लागलेला.

"यंत्राला हात कळतो," नवरा म्हणाला. दोन महिन्यांत तो पहिल्यांदाच या विषयावर बोलला आणि लगेच नाडीकडं वळला.

डॉक्टर गाडीखाली शिरला आणि एक सॉकेट काढून घेऊन आला. धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते, ती किती भरली हे सांगणाऱ्या सेन्सरचं ते सॉकेट. आतलं रबर फाटलेलं, पितळ हिरवं पडलेलं. "इथं पाणी शिरतं. ताडपत्रीखाली वाळत नाही. सोमवारी सेन्सर भलतंच सांगतो, इंजिन घाबरून मान टाकतं. बुधवारपर्यंत वाळतं."

बाबा पायजमा खाली सोडत होते. "म्हणजे स्वच्छतेचाच गुन्हा झाला म्हणायचा."

"सॉकेट नवीन टाकतो. पण हे अर्धंच झालं." डॉक्टरनं लॅपटॉप वळवला. "जाळी खरोखरच भरत आलीय. गाडी ही काजळी स्वतः जाळते, पण त्याला सलग वीस-पंचवीस मिनिटं पळावं लागतं. इथं दर वेळी जाळायला सुरुवात झालीय आणि कोणीतरी मध्येच इंजिन बंद केलंय. एकदा नाही, सव्वीसदा."

बाबा ताठ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी परत येताना सुनेला स्पष्ट दिसली. वही तिच्या पिशवीत होती. पिशवी बंद होती. नवऱ्याला काही माहीत नव्हतं, छकुली बोलत नव्हती.

प्रयोगशाळेत नको असलेला आकडा आला म्हणून तिनं कधी नमुन्याची बाटली ओतून दिली नव्हती.

"मी बंद करते," ती म्हणाली. "छकुली गाडीत झोपते. झोपली की मी बाजूला घेऊन इंजिन बंद करते, हादऱ्यांनी उठू नये म्हणून. तारखा आहेत माझ्याकडं."

"बघा," बाबा म्हणाले. एवढंच, पण त्या एका शब्दात पूर्ण प्रवचन होतं.

"आता यावर उपाय?" नवऱ्यानं विचारलं.

"औषध नाही. पथ्य आहे. रोज तीस-चाळीस मिनिटं न थांबता पळवायची. गावातल्या गावात नाही. चढ असला तर फारच उत्तम."

"किती दिवस?" बाबांनी विचारलं.

"गाडी आहे तोवर, काका. नाहीतर जाळी जाईल, तिच्यामागं इंजिन."

बाबा गाडीकडं बघत होते. सून बाबांकडं बघत होती. चाळीस मिनिटांचा रोजचा चढ या घरातून कोणाला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिनं ते बोलून दाखवलं नाही. काही गोष्टी सासऱ्यांना स्वतःला सुचू द्याव्यात.

एक तारखेला सकाळी सातला बाबा किल्ली घेऊन दारात उभे. काचा फडक्यानं पुसलेल्या, पंप माळ्यावर गेलेला.

"आटप लवकर," ते म्हणाले. "गाडीला उशीर होतोय."

बाराव्या मिनिटाला छकुली झोपली. सवयीनं सुनेचा पाय ब्रेककडं गेला, तिनं तो परत आणला आणि चढ घेतला. छकुली उठली नाही. दिवाही लागला नाही. तरी ती वाटभर दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिली.

पोचल्या पोचल्या फोन वाजला. "पोचली का?" बाबा.

"हो बाबा, दोघी नीट पोचलो. छकुली अजून झोपलीय."

"ते असू दे," बाबा म्हणाले. "मी गाडीचं विचारतोय."