मालकीणबाईंचा फोटो

मित्रांनो, मला पाय तीन आहेत, पण आयुष्यात स्वतःहून एक पाऊलही टाकलेलं नाही. कॅमेरा ज्याच्या डोक्यावर बसवतात, तो मी एक म्हातारा लाकडी स्टँड. खुर्च्या बनवणाऱ्या एका सुताराने उरल्यासुरल्या लाकडातून मला घडवलं. तिसऱ्या पायाला लाकूड कमी पडलं म्हणून त्याने तो भलत्याच झाडाचा लावला. त्यामुळे माझे दोन पाय तांबूस आहेत आणि एक पिवळट. दुकानातले चकचकीत स्टँड मला नाकं मुरडायचे. मालक आले, त्यांनी मला उघडून जमिनीवर रोवलं, डोक्यावर हाताने जोर दिला आणि मी तसूभरही हललो नाही हे पाहून मलाच घरी नेलं.

मालक फोटोवाले होते. आमच्या शहरातल्या नदीवर एक मोठा पूल आहे, दोन उंच खांबांवर लोखंडी दोरांनी टांगलेला. तो बघायला लांबलांबून लोक येतात आणि त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढून घेतात. बाकीचे फोटोवाले नदीकाठच्या चौकात ठाण मांडून बसायचे. मालकांना तो चौक डोळ्यांसमोर नको असायचा. तिथे दिव्याचा एक खांब आहे आणि फोटोत तो नेमका कुणाच्या तरी डोक्यातून उगवतो. पूल काही जागचा हलत नाही, तेव्हा आपणच हललं पाहिजे, असं म्हणत ते सुट्टीच्या दिवशी नवी जागा शोधायला निघायचे.

एकटे नव्हे. कॅमेऱ्याची पेटी मालकांच्या हातात आणि मी मालकीणबाईंच्या खांद्यावर. खरं सांगायचं, तर जागा शोधायच्या त्या मालकीणबाईच. मालक एक डोळा मिटून भिंगातून बघत राहायचे आणि त्या मात्र दिसेल त्या माणसाशी बोलत सुटायच्या. होड्या दुरुस्त करणाऱ्याशी गप्पा मारून त्यांनी त्याच्या आवारातला उतार मिळवला. तिथून दोन्ही खांब पाण्यात उलटे दिसतात. छापखान्यातल्या पहारेकऱ्याला गळ घालून त्यांनी मागच्या जिन्याचं कुलूप उघडायला लावलं. आणि सगळ्यात उत्तम जागा त्यांना सापडली ती लाँड्रीच्या गच्चीवर. चादरी आणायला म्हणून त्या वर चढल्या होत्या. बघतात तर या काठापासून त्या काठापर्यंत अख्खा पूल समोर, मध्ये ना तार, ना पाण्याची टाकी. शिवाय दोरीवर वाळणाऱ्या पांढऱ्या चादरींमुळे तिथे माणसांच्या चेहऱ्यावर मऊ उजेड पडायचा. त्या धावत घरी आल्या आणि चादरी तिथेच विसरल्या. मालक आधी चादरींवरून कुरकुरले, मग गच्चीवर गेले आणि थेट मला रोवायला जागा बघू लागले.

त्या गच्चीने आमचं नाव झालं. लोक पत्ता विचारत येऊ लागले. फोटो पोचल्यावर कुणी पत्र पाठवायचं, कुणी आपल्या भावाला आणि आत्याला आमच्याकडे धाडायचं. माझी छाती फुगली होती म्हणालो असतो, पण मला छाती नाही.

कामाची आमची एक पद्धत होती. गिऱ्हाईक केस विंचरत असायचं, तेवढ्यात त्यांच्या जागेवर मालकीणबाई उभ्या राहायच्या. मालक त्यांच्यावर कॅमेरा लावायचे, अंतर मापायचे, पूल डोक्याच्या किती वर येतो ते बघायचे. सगळं मनासारखं जुळलं की म्हणायचे, "झालं, हो बाजूला." मग गिऱ्हाईक त्या जागेवर, आणि मालकीणबाई माझ्या शेजारी. गच्चीवर वारा फार. त्या माझा पिवळा पाय घट्ट धरून ठेवायच्या.

हजारो वेळा मालकीणबाई त्या चौकटीत उभ्या राहिल्या, आणि एकदाही मालकांनी बटण दाबलं नाही. पोरं सोडली, तर घरच्या माणसावर फिल्म खर्च करायची नाही, असं त्या धंद्यात जवळजवळ सगळेच पाळायचे. घरचं माणूस कुठे जातंय?

एकदा गिऱ्हाईक खाली उतरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "अहो, माझा एक काढा ना, पुलासकट."

मालकांनी आकाशाकडे बघितलं. "आता उजेड उतरला. रविवारी छान काढू."

"बरं," म्हणून त्यांनी माझे पाय मिटले.

मित्रांनो, मी तिथेच होतो. उजेड इतका काही वाईट नव्हता. पुढच्या रविवारी धुकं होतं, त्याच्या पुढच्या रविवारी बाहेरगावची मोठी मंडळी आली, आणि मग रविवार नुसते येत-जात राहिले. मालकीणबाईंनी पुन्हा विचारलं नाही. मला त्या गोष्टीचा अजून राग येतो.

मग एका वर्षी त्यांना खोकला लागला. दोन महिने त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि मग गेल्या.

परगावी नोकरी करणारी त्यांची मुलगी आली. भिंतीवर लावायला तिने आईचा फोटो मागितला. मालकांनी कपाटं उघडली, खोकी उपसली. फोटो कुठून असणार? लग्न दोन साक्षीदारांसमोर सह्या करून झालं होतं. स्वतः फोटोवाला असलेल्या माणसाने लग्नाला दुसरा फोटोवाला कशाला बोलवायचा, असा तेव्हा मालकांचा ताठा. मुलीचे फोटो ढीगभर होते, पण त्यांत मुलगी एकटीच, कारण मागचा पडदा आईने धरलेला. शेवटी सापडला तो ओळखपत्रावरचा, अंगठ्याच्या नखाएवढा, हनुवटीवर शिक्का मारलेला. मालकांनी तो मोठा करून आणला. चेहरा पुसट झाला आणि शिक्का मात्र ठळक. त्यांनी तो पालथा घालून खणात ठेवला.

त्या दिवसापासून मालकांनी गिऱ्हाइकं घेणं बंद केलं. मला दाराच्या मागे उभं केलं. कधी ते माझ्यावर ओली छत्री अडकवायचे, कधी टॉवेल. ज्याच्या डोक्यावर कॅमेरा मिरवला त्याच्यावर टॉवेल! पण त्यापेक्षा घरातली शांतता जास्त खायला उठायची. दिवसच्या दिवस तिथे कुणी बोलायचं नाही. मालक एकटे आणि मी एकटा, एकाच खोलीत.

मालक रोज सकाळी एकच काम करायचे. जुन्या निगेटिव्हचं एकेक पाकीट काढायचं, खिडकीच्या उजेडात धरायचं आणि भिंगाने कडा तपासायच्या. बाजूला होताना कधीतरी बायकोला उशीर झाला असेल, चुकून ती चौकटीत राहिली असेल, एवढीच त्यांना आशा होती. एका फोटोत कोपर सापडलं. एकात चपलेचं टोक. एकात गच्चीच्या फरशीवर पडलेली सावली. चेहरा कुठेच नाही. मालक पद्धतशीर काम करणारे, आणि मालकीणबाई त्याहून तत्पर. "हो बाजूला" म्हटलं की त्या झाल्याच बाजूला.

असे सात-आठ महिने गेले. शेवटचं खोकं संपलं त्या दिवशी त्यांनी मुलीला फोन केला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मला तिचा चेहरा नीट आठवेनासा झालाय गं," एवढंच ते बोलू शकले.

मुलगी रजा काढून आली. आता सगळीकडे शोधून झालं होतं, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून ती टेबलावर पसरलेले गच्चीवरचे फोटो गोळा करायला लागली. गोळा करता करता थांबली.

"बाबा, ही सगळी माणसं कुठे बघतायत?"

"कॅमेऱ्याकडे. अजून कुठे?"

"नाही. जरा बाजूला बघतायत. हे बघा. हा पण. ही मुलगीसुद्धा."

मालकांनी चष्मा पुसला. एक फोटो घेतला, दुसरा घेतला, दहावा घेतला. खरंच होतं. प्रत्येक फोटोत माणसं कॅमेऱ्याच्या किंचित शेजारी बघत होती, आणि हसत होती.

मित्रांनो, मला हे पहिल्यापासून माहीत होतं, पण लाकडाला कोण विचारतो! माझा पाय धरून मालकीणबाई काय नुसत्या उभ्या राहायच्या? रडक्या पोरांना वेडावून दाखवायच्या. नव्या जोडप्याला जरा जवळ सरकायला सांगायच्या. एक आजोबा सैनिकासारखे ताठ उभे राहिले, तेव्हा त्यांना म्हणाल्या होत्या, "काका, पूल पडत नाही, सैल सोडा अंग." मालकांचा डोळा भिंगाला चिकटलेला. आपण "हसा" म्हणतो म्हणून लोक हसतात, अशी त्यांची जन्मभर समजूत होती.

"आई इथेच उभी असायची ना?" मुलीने विचारलं.

मालकांनी मान डोलावली. मग ते फोटो छातीशी धरून खूप वेळ रडले. आई गेली त्या दिवशीही ते इतके रडले नव्हते, असं मुलगी नंतर कुणाला तरी सांगत होती.

आता भिंतीवर एक मोठा फोटो लागला आहे. लाँड्रीची गच्ची, मागे पूल, पुढे आईबाप आणि तीन मुलं. धाकट्याचे पुढचे दोन दात पडलेले आणि तो पोट धरून हसतोय. घरी आलेलं माणूस हमखास विचारतं, हे तुमचे कोण? मालक म्हणतात, "कुणी नाही. नावंही माहीत नाहीत." समोरचा गोंधळून बघत राहतो. मग मालक फोटोच्या काचेवरून हळूच हात फिरवतात.

"ही सगळी तिच्याकडे बघतायत," ते सांगतात.

मी अजून दाराच्या मागेच आहे. माझ्यावरची धूळ कुणी पुसली नाही तरी माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं माणूस असेल, जे प्रत्येक फोटोच्या वेळी आपणहून बाहेर उभं राहतं. त्याचा हात धरून त्याला पुढे आणा. ते नको नको म्हणेल, केस नीट नाहीत म्हणेल, पुढच्या वेळी म्हणेल. तुम्ही ऐकू नका.