उचलता येणारे छप्पर

मित्रांनो, मी एक घर आहे. घर म्हटल्यावर लगेच आत शिरायला निघू नका. माझे दार तुमच्या तळहातापेक्षाही लहान आहे, आणि लांबीने मी जेमतेम हातभर भरेन. शाळेच्या कपाटावर, पोचे आलेल्या पृथ्वीगोलाच्या शेजारी माझा मुक्काम असतो. पण लहान म्हणून मला हसू नका. माझ्या छपरावर खरे, भाजलेले कवेलू आहेत, तुम्ही कौले म्हणता ते. मला माजघर आहे, स्वयंपाकघर आहे. स्वयंपाकघरात हल्ली उंदीर येऊनजाऊन असतात. त्यांची जात अजून कोणी विचारलेली नाही.

मला डोमाजीने घडवले. बाभुळगावच्या अलीकडच्या या गावात डोमाजी कवेलू फेरायचे काम करी. वर्षभरात छपरावर माकडे नाचतात, मांजरी भांडतात, वारा धिंगाणा घालतो आणि कवेलू जागचे हलतात. म्हणून दर उन्हाळ्यात ते सगळे उतरवायचे, झाडायचे, फुटके काढून टाकायचे आणि खालच्या ओळीपासून वरपर्यंत पुन्हा बसवायचे. यालाच कवेलू फेरणे म्हणतात. डोमाजीचा पाय इतका हलका की त्याच्याखाली कवेलू कधी करकरत नसे. गावातले एकही छप्पर असे नव्हते ज्यावर तो चालला नव्हता.

आणि एकही उंबरठा असा नव्हता जो त्याने ओलांडला होता. त्याला मनाई होती. शिडी मागच्या भिंतीला लावायची, तिनेच चढायचे आणि तिनेच उतरायचे. कवेलूंना ऊन लागते, पाऊस लागतो, ते आपोआप शुद्ध होतात, असे गावाने आपल्या सोयीने ठरवून टाकले होते. छप्पन्न साली डोमाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. त्याच्या बायकोने, रुखमाबाईने, देवळीतले देव नाल्याच्या पाण्यात सोडले आणि मागे वळूनही पाहिले नाही. पुढच्या उन्हाळ्यात गावाचे बोलावणे आले, तेव्हा शिडी मात्र मागच्या भिंतीलाच लागली.

त्यांची मुलगी तुळसा चौथीत होती. ती वर्गात नव्हे, वऱ्हांड्यात बसे. तिथून दारातून तिला फळ्याची डावी बाजू दिसे, उजवी दाराच्या फळीआड जाई. त्यामुळे गणित तिच्या पाटीवर अर्धेच उतरे. गुरुजी पाटी पाहत आणि म्हणत, "मठ्ठ आहेस." तुळसा मठ्ठ नव्हती. तिला उरलेला फळा हवा होता, एवढेच.

एकोणसाठ सालच्या सव्वीस जानेवारीला शाळेत 'आमचे गाव' असा देखावा मांडायचे ठरले. टेबलावर वाळू पसरायची, निळ्या कागदाचा नाला करायचा, मुलांनी मातीची घरे करून आणायची. घरे आली, पण ती घरे कसली, चुलीवरून उतरलेल्या भाकरी बऱ्या. समारंभाला पाटील येणार होते आणि त्यांचेच घर कोणाला जमेना. तेव्हा गुरुजींनी डोमाजीला बोलावले आणि वऱ्हांड्याच्या पायरीखाली उभे करून विचारले, "पाटलांचे घर करशील का? हुबेहूब झाले पाहिजे. पाटील खूश झाले पाहिजेत."

"करतो ना, गुरुजी," डोमाजी म्हणाला. "पन माही एक मागनी हाये. तुळसाले आत बसवा. फळा दिसत नाही तिले."

गुरुजींनी हनुवटी खाजवली. ते वाईट नव्हते. ते घाबरट होते, आणि मला विचाराल तर ते अधिक वाईट. शेवटी म्हणाले, "आधी घर आण. चांगले झाले तर बसवतो."

अशी माझी किंमत ठरली. मित्रांनो, पुष्कळ वस्तू हौसेखातर जन्माला येतात. मी एका मुलीच्या बसायच्या जागेसाठी जन्माला आले, आणि त्याचा मला अजून गर्व वाटतो.

कापसाच्या झाडाच्या, पऱ्हाटीच्या, काड्या विणून डोमाजीने माझ्या भिंतींचा कूड केला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा गिलावा चढवला. बांबूच्या बारीक कमच्यांचे वासे झाले. खरे कौतुक कवेलूंचे. तुरीच्या काडीभोवती ओली माती गुंडाळायची, रुखमाबाईने लुगड्याच्या दोऱ्याने ती उभी मधोमध कापायची, की एका नळीचे दोन कवेलू होत. सावलीत वाळवून ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत, आरात, भाजले. पहिल्या खेपेला निम्म्याहून अधिक तडकले. रुखमाबाई म्हणाली, "राहू द्या ना. कागद लावा लाल. पाटील काय छपरावर चढून पाहनार हाये?"

"माह्या हातानं कागदाचं छप्पर?" डोमाजी म्हणाला. "त्यापेक्षा हात तोडून घे."

पुन्हा माती मळली. या खेपेला तुळसा आरापाशी बसून राहिली आणि प्रत्येक कवेलू तिने नखाने वाजवून पाहिला.

आता माझी गंमत ऐका. तुम्ही घर करायला बसलात तर दारापासून सुरुवात कराल. घर दारातून पाहायचे असते, हे तुम्हाला पाळण्यापासून ठाऊक असते. डोमाजीने मात्र दुसऱ्याचे घर कधी दारातून पाहिलेच नव्हते. त्याच्यापुढे घर उघडे ते वरून, कवेलू उतरवल्यावर, वाशांच्या मधून. म्हणून त्याने माझे छप्पर एका चौकटीवर बसवले, दोन हातांनी अलगद उचलता येईल असे. आणि आत त्याला वर्षानुवर्षे जे दिसले तेच मांडले. दोन तोंडांची चूल, टवका उडालेले जाते, लाल कापडाचे देवघर, घडवंचीवर झाकण घातलेले पाण्याचे दोन माठ आणि जात्यामागच्या कोपऱ्यात तिसरा. यात काही चुकते आहे असे त्याच्या मनातही आले नाही. हुबेहूब करायला सांगितले होते, त्याने हुबेहूब केले.

मला पाहून गुरुजींचा चेहरा उजळला. त्याच दिवशी तुळसाचे बसायचे पोते वर्गात आले, शेवटच्या रांगेत, भिंतीशी. उजव्या बाजूचा फळा दिसल्याबरोबर तिने पाटीवर उत्तर लिहिले आणि खाली मान घालून ती एकटीच हसली. पुढे सव्वीस तारखेपर्यंत तिचे गणित चुकलेले मी पाहिले नाही.

समारंभाच्या दिवशी मला वाळूतल्या गावाच्या मधोमध ठेवले होते. पाटील आणि पाटलीणबाई आले. पाटलांनी मला पाहिले आणि मिशीतून हसले. "वा! हे तं माहंच घर! कवेलू पाहा कसे बसवले!" मी फुगून गेले. मागे उभ्या असलेल्या तुळसालाही राहवले नाही. ती पुढे झाली, "आतून बी हाये, पाटील!" म्हणाली आणि तिने दोन्ही हातांनी माझे छप्पर उचलले.

पाटलीणबाई वाकल्या. आधी कौतुकाने, मग बारकाईने. त्यांचे बोट माझ्या स्वयंपाकघरावर येऊन थांबले.

"अवो, हे पाहा. हा माहा तिसरा माठ. जात्यामागं असते, ते बाहेरच्या कोनालेच ठाऊक नाही. हे कोनं सांगतलं?"

"बानं पाह्यलं," तुळसा आनंदाने म्हणाली. "वरतून. कवेलू काढले का सगळं दिसते."

डोमाजी आणि रुखमाबाई अंगणात निंबाखाली उभे होते. पाटलांनी दारातूनच हाक मारली, "डोमाजी! इतके वर्स तू माह्या घरात पाहून राह्यला?"

"कवेलू उतरवले का खाली घरच दिसते, पाटील. मंग डोये कुठं ठेवू?"

"खाली पान्याचे माठ अन् वरतं तू! तुह्या पायाची माती कुठं पडे रे?"

"माठावर झाकन असे, पाटील."

"झाकन बी पाह्यलं यानं!" पाटलीणबाई किंचाळल्या.

मित्रांनो, इतकी वर्षे तो डोक्यावरून चालत होता हे सगळ्यांना माहीत होते. त्यालाही डोळे आहेत, हे मात्र कोणाच्या लक्षात आले नव्हते. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणाले की आता ते लोक बौद्ध झाले, आता कसला विटाळ. पाटील म्हणाले, "धरम बदलला. पाय तं तेच हायेत ना?" यावर लोक मोठ्याने हसले. गुरुजीही हसले.

पाटलांचा वाडा शाळेसमोरच आहे. संध्याकाळी पाटलीणबाईंनी तिन्ही माठ रस्त्यावर आणून फोडले. ते पाणी वाहत शाळेच्या पायरीपर्यंत आले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तुळसाचे पोते पायाने सरकवत वऱ्हांड्यात नेले. तुळसा म्हणाली, "गुरुजी, घर तं चांगलं झालं ना?" गुरुजी फळ्याकडे वळले आणि उजव्या बाजूला काहीतरी लिहू लागले.

मला फोडून टाकतील असे मला वाटले होते. पण पाटलांचे घर फोडायचे कसे? शिवाय मला यवतमाळच्या प्रदर्शनात पाठवायचे ठरले होते. म्हणून हुकूम निघाला की ज्याने छप्पर उघडे केले त्यानेच ते कायमचे बंद करावे. डोमाजी आला. वऱ्हांड्यात बसून त्याने माती भिजवली. शेजारी तुळसा बसली होती. तिने त्याच्याच पुढ्यातली चिमूटभर माती घेतली आणि अंगठ्याएवढी एक मुलगी केली, मांडी घातलेली, मांडीवर पाटी असलेली. ती तिने माझ्या माजघरात ठेवली.

"हे काय व?" डोमाजीने हळूच विचारले.

"मी होय. आत बसली."

डोमाजीने वर्गाच्या दाराकडे एकदा पाहिले. मग छप्पर उचलून माझ्यावर ठेवले आणि चारी बाजूंनी ओली माती अंगठ्याने दाबत गेला. त्या मातीवर ते ठसे अजून आहेत.

यवतमाळला मला दुसरे बक्षीस मिळाले. परीक्षकांनी छप्पर उचलून पाहायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, काम सुबक आहे, पण आतले काही दिसत नाही. बक्षिसावर शाळेचे नाव होते. डोमाजीचे नव्हते.

त्या उन्हाळ्यात डोमाजीला बोलावणे आले नाही. पाटलांनी घरावर टिनाचे पत्रे घातले. टिन फेरावे लागत नाही, वर कोणी चढत नाही. पाटलांचे पाहून इतरांनीही पत्रे आणले, आणि डोमाजीची शिडी त्याच्या झोपडीमागे आडवी पडली. साऱ्या गावाला कवेलू घालणाऱ्या त्या माणसाच्या झोपडीवर गवत होते. कवेलूंच्या छपराखाली एकदा तरी निजावे, असे रुखमाबाईला फार वाटे.

पाटलांनी उतरवलेल्या कवेलूंचा ढीग रस्त्याच्या कडेला पडला होता. एके दिवशी रुखमाबाई येऊन वाड्यासमोर उभी राहिली. मला खिडकीतून सगळे ऐकू येत होते.

"पाटील, आमच्या पायानं बाटले म्हन्ता, तं आमालेच द्या ना हे कवेलू. तुमच्या काय कामाचे?"

"माह्या घरावरचे कवेलू तुह्या घरावर?" पाटील म्हणाले. "मंग तुहं घर कोनतं अन् माहं कोनतं, हे लोकाले कसं समजन?"

त्यांनी दोन गडी बोलावले आणि तिच्या डोळ्यांदेखत सगळे कवेलू फोडायला लावले. तो चुरा बैलगाड्यांच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत भरला. त्या रस्त्यावरून मात्र कोणीही चालावे, डोमाजीनेही चालावे, पाटलांची काही हरकत नव्हती. रुखमाबाई घरी गेली ती रस्ता सोडून, शेतातून.

चौथीच्या परीक्षेत तुळसा गणितात नापास झाली. गणिते फळ्यावर दिली होती. ती पुन्हा शाळेत आली नाही. कापूस वेचायच्या दिवसांत कमरेला ओटी बांधून ती आईच्या मागे शेतात जाताना मला खिडकीतून दिसते. आता तिला तेरावे वर्ष असेल. ती शाळेकडे पाहत नाही. मला तिची आठवण येते आणि रागही येतो. तिच्यावर नाही, या कपाटावर. ज्यांनी मला केले ते सगळे बाहेर आहेत, आणि मी मात्र रोज वर्गात बसून पुरता फळा पाहते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू विनवणी करतात की आम्हाला फेकू नका, आमच्यावरची धूळ झटका. मला तसले काही नको. धूळ राहू द्या. एक दिवस हे कपाट हलवताना मी खाली पडेन आणि माझा चुरा होईल. त्याने मला वाईट वाटणार नाही, कवेलूंचा चुरा मी पाहिलेला आहे.

पण तुमच्यापैकी कोणी तेव्हा जवळ असाल तर तो चुरा लगेच झाडून काढू नका. त्यात अंगठ्याएवढी एक मातीची मुलगी सापडेल. तिला उचला, पण वऱ्हांड्यात नेऊन ठेवू नका. तिथून फळ्याची उजवी बाजू दिसत नाही.