गुडघ्याएवढे नळ

त्यांना कचेरीत सगळे सावलीमास्तर म्हणायचे आणि तेही मुकाट्याने ओ द्यायचे. कामच तसं होतं. आकाशातून काढलेल्या फोटोत इमारतीचं छप्पर दिसतं, उंची दिसत नाही. ती सावलीवरून काढावी लागते. फोटो किती वाजता काढला आणि सावली किती लांब पडली, एवढं हाताशी असलं की मास्तर भिंत किती फुटांची ते सांगत, आणि त्यावरून कुठला बॉम्ब टाकायचा ते पुढचे लोक ठरवत. सवय इतकी हाडीमाशी खिळली होती की बायको म्हणायची, "यांना जेवायला वाढलं तर आधी वाटीची सावली मोजतील."

त्यांच्या खोलीला खिडकी नव्हती. एक लांब टेबल होतं आणि त्याच्याभोवती लक्ष्याची फाइल फिरायची. टेहळणीवाला लिहायचा, की जागेवर तीन दिवस नजर ठेवली, अमुक इतकी माणसं दिसली. मास्तर उंची भरायचे आणि वर्ज्य यादी तपासायचे. शाळा, दवाखाने, धरणं, ज्यांना हात लावायचा नाही अशा जागांची ती यादी. मग वकीलबाई सगळं कायद्यात बसतं का ते बघायच्या, आणि सगळ्यात शेवटी साहेब. ज्याची त्याची सही ज्याच्या त्याच्या चौकटीत. सही मागे घेता येते असं नियमात होतं, पण ती कुणी घेतल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

त्या सकाळी फाइल आली ती कालव्यापलीकडच्या एका लांब शेडची. शत्रूच्या तोफांचे गोळे तिथं साठवलेले होते. त्याच तोफा गेले दहा दिवस कालव्यावरचं आपलं ठाणं भाजून काढत होत्या, आणि त्या ठाण्यावर मास्तरांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा होता. टेहळणीच्या रकान्यात लिहिलं होतं: तीन दिवस, दोन पहारेकरी, बाकी कुणी नाही. वर्ज्य यादीत शेडचं नाव नव्हतं. त्या गावची शाळा यादीत होती, पण ती अर्धा मैल दूर. मास्तरांनी शेडची उंची भरली आणि सही केली. नेहमीपेक्षा जरा ठळकच केली, हे त्यांचं त्यांनाही जाणवलं. विमानं तीन वाजता निघणार होती.

एक वाजता डबा उघडून मास्तर फोटो पाकिटात भरत होते. घास तोंडात असतानाच त्यांची नजर शेडच्या मागच्या भिंतीवर गेली. भिंतीलगत एक आडवा पाइप होता आणि त्याला ओळीने आठ नळ. ते सकाळी मोजलेच नव्हते, कारण ते मोजायला कुणी सांगितलं नव्हतं. हाताला चाळा म्हणून त्यांनी पट्टी लावली. मग पुन्हा लावली. नळ गुडघ्याएवढ्या उंचीवर होते.

गोळे उचलणारा माणूस गुडघ्याएवढ्या नळाला तोंड लावत नाही.

इतके खाली नळ लहान मुलांसाठीच बसवतात. त्यांनी गावच्या शाळेचा ताजा फोटो मागवला. तिचं छप्पर कधीच उडालेलं होतं, आजूबाजूच्या घरांचीही तीच गत. म्हणजे यादीत एक पडकी इमारत जिवापाड जपून ठेवली होती, आणि शाळा उठून कुठे गेली हे कुणी विचारलंच नव्हतं. ते टेहळणीवाल्याकडे गेले.

"तुम्ही पाहिलं ते तीन दिवस तिकडे सुट्टीचे होते का?"

टेहळणीवाल्याने कॅलेंडर काढलं. त्या तीन तारखांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "उद्या उघडतात शाळा. पण मास्तर, मग आज तर तिथं कुणीच नाही."

हे मात्र मास्तरांच्या ध्यानात आलं नव्हतं. क्षणभर त्यांना हायसं वाटलं, अगदी मनापासून. आज शेड उडवली तर भाचा सुटतो आणि मुलांचंही काही जात नाही. पण ती तीन दिवसांची नजर भर दुपारची होती, आणि शेडच्या आत डोकावलेलं कुणीच नव्हतं. छप्पर उडालेल्या घरांतली माणसं रात्री कुठे झोपतात, हे सांगायला सावली नव्हती. आणि कुणी नसेल असं धरून सही करायची, तर ती त्यांनी सकाळी केलीच होती.

दोनला दहा मिनिटं कमी असताना ते साहेबांच्या टेबलापाशी उभे राहिले.

"मी सही मागे घेतो."

साहेबांनी चष्मा काढला. "ठाण्यावर कोण आहे ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"भाचा आहे माझा."

"मग?"

"मग काय साहेब. नळ गुडघ्याएवढे आहेत."

वकीलबाईंनी फोटो ओढून घेतला, पट्टी मागितली आणि स्वतः मोजलं. "फाइल पहिल्यापासून फिरवावी लागेल," त्या म्हणाल्या. "गोळे शेडमधून बाहेर पडतात तेव्हा त्यांचे ट्रक रस्त्यात गाठता येतील. पण एक-दोन दिवस जातील त्यात." साहेबांनी विमानं थांबवली. मास्तरांना कुणी शाबासकी दिली नाही आणि बोलही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा फोटो आला. नळांपाशी रांग होती आणि शेडच्या दारातून अंथरुणं खांद्यावर घेतलेल्या बायका बाहेर पडत होत्या. मास्तरांनी मुलांच्या सावल्या मोजल्या. एक्केचाळीस भरल्या. त्यांनी तो आकडा चौकटीत लिहिला आणि शेड वर्ज्य यादीत गेली.

ट्रक त्याच्या पुढच्या दिवशी गाठले. पण मधल्या संध्याकाळी ठाण्यावर गोळे पडायचे ते पडलेच.

बहिणीचा फोन आला तेव्हा मास्तर घरी, स्वयंपाकघरात उभे होते.

"पाय गेला रे दादा त्याचा. उजवा. जीव वाचला म्हणायचं." ती रडत नव्हती, रडून झालेलं होतं. "तिथला एक जण म्हणाला, तो गोळ्यांचा साठा आदल्या दिवशीच उडवणार होते, ऐन वेळी कुणीतरी अडवलं. तू त्या नकाशांच्या खात्यात आहेस. तुझ्या हातात असतं तर तू उडवला असतास ना रे?"

कचेरीतलं घरी बोलायचं नाही, हा नियम मास्तरांनी तीस वर्षं पाळला होता. हो म्हणणं सोपं होतं. बायको चुलीशी पाठमोरी उभी होती आणि तिचा हात थांबला होता.

"माझ्याच हातात होतं," ते म्हणाले. "मीच अडवलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं: शेड, पडकी शाळा, सुट्टी, नळ, अंथरुणं.

"किती होती मुलं?" बहिणीने विचारलं.

"एक्केचाळीस."

तिने तो आकडा हलकेच पुन्हा उच्चारला.

"मला काही समजून घ्यायचं नाही आत्ता," ती म्हणाली. "मी तुला माफ केलं असंही म्हणणार नाही. पण हे त्याला तूच सांगायचं. मी सांगणार नाही."

"मीच सांगेन."

"इस्पितळात चार ते सहा भेटू देतात." तिने नाक ओढलं. "आणि चष्मा घेऊन ये. दारात वहीत सही करावी लागते, नाहीतर आत सोडत नाहीत."