खरवडलेली दलदल

मी एक जुना नकाशा आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कोणाकडे जा.

मला एका मोजणीदाराने काढलं, कापडावर, काळ्या शाईने. मोजणी करताना वस्तीबाहेरच्या हिरव्यागार सपाट जागेवर त्याने पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. गुरं चारणाऱ्या एका आजीने काठी पुढे करून त्याला बाहेर ओढलं.

‘दलदल आहे ती. डोळे फुटले का तुझे?’

‘दलदल का म्हणता हो आजी?’ चिखल पुसत त्याने विचारलं.

‘पायाखाली थरथरते म्हणून. वर गवत, आत सगळं पाणी. माझी आई सांगायची, हलताना ती आवाजच तसा करते, दल दल. लाव की कान.’

त्याने खरंच कान लावला. मग माझ्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, दलदल.

पुढे तीस वर्षं माझा थाट होता. रस्ता काढायचा असो की विहीर खणायची, आधी मला पसरायचे. नंतर मला कचेरीतल्या कपाटाच्या तळाशी कोंबलं, माझ्यावर चहाचे पेले ठेवले. तेही मी सोसलं.

दोन वर्षांपूर्वी कचेरीत आलेल्या नव्या साहेबांना शाळेसाठी जागा हवी होती. त्यांनी नकाशे काढणाऱ्या बाईंना बोलावलं.

‘एवढा शब्द काढून टाका.’

‘साहेब, तिथं अजून गुरं रुततात.’

‘भराव घालू की. शब्द दिसला तर मंजुरी अडते. आणि बढतीची यादी माझ्याच टेबलावर आहे, ठाऊक आहे ना?’

बाईंनी पातं घेतलं. खरवडून खरवडून माझं कापड तिथं विरलं. त्यावर त्यांनी सुबक अक्षरांत लिहिलं, मैदान.

भराव म्हणून चार ट्रक माती पडली, तीही फोटोपुरती. शाळा झाली. प्रवेश सुरू झाले तेव्हा बाईंनी माझ्यावरच कागद ठेवून लेकीचा अर्ज भरला. शाळा भलतीच होती, दोन बस बदलून जावं लागतं अशी.

‘अहो, नवी शाळा तर तुमच्या दारासमोर आहे,’ शेजारचा कारकून म्हणाला.

‘तिला तिकडची हवा मानवत नाही,’ बाई म्हणाल्या.

मित्रांनो, जुने नकाशे जपा वगैरे मी सांगणार नाही. त्या नव्या शाळेत तुम्ही जाता. त्या नकाशावाल्या बाई दिसल्या की चारचौघांत विचारा, तुमची लेक आमच्या वर्गात का नाही? उत्तर मिळेपर्यंत त्या वर्गात पाय ठेवू नका.