दोऱ्याखालची खूण

पूल खेळायची जुनी क्यू अस्सल ठरली तर चार लाख, आणि चार लाखांत शिवणकामाची खोली कायमची आपल्या नावावर. क्यू नक्कल ठरली तर पन्नास-साठ हजार, आणि महिनाअखेर दोन्ही मशिनं उचलून चालतं व्हायचं. खोलीच्या मालकाने तेवढीच मुदत दिली होती. मधलं काही नव्हतं. शिंपीणबाईंनी हा हिशेब इतक्या वेळा केला होता की कापड बेततानाही त्यांचे ओठ हलायचे.

त्यांच्या वडिलांनी वाटणीत पूलची तीन टेबलं हॉलसकट मुलाला दिली आणि मुलीला भिंतीवरची जुनी क्यू. "तिन्ही टेबलांना ही एकटी भारी आहे," असं म्हणाले होते. नातेवाइकांनी तिथे माना डोलावल्या आणि जिना उतरताना हसून घेतलं. भाऊ तर तोंडावरच हसायचा. "मला धंदा मिळाला, हिला काठी!" आज तो सोबत म्हणून आला होता. खरं कारण असं, की काठी चार लाखांना गेलीच तर आपण वाटणीत किती बुडालो हे त्याला जागेवर मोजायचं होतं.

पारख्याची खोली खेळाच्या सामानाच्या दुकानामागे होती. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, काचेची जाड पट्टी आणि दोन भिंगं. गिऱ्हाईक आधीच येऊन बसलं होतं. ते दंतवैद्य. जुन्या क्यू जमवायचा नाद. घरी एकतीस होत्या, त्यांतल्या अठरा बायकोला माहीत होत्या.

पारख्याला सगळे भिंगकाका म्हणत. ज्या कारागिराच्या क्यूंना एवढा भाव होता, त्याच्याच हाताखाली तरुणपणी चार वर्षं त्यांनी रंधा मारला होता. कारागीर कधीच गेला, त्यामुळे त्याच्या क्यूंबाबत भिंगकाकांचा कागद म्हणजे शेवटचा शब्द. आणि त्या कागदाचा नियम एकच: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं.

त्यांनी क्यूचे दोन भाग जोडले, काचेवर लोटले. कुठे न उसळता ती सरळ गेली. सांध्याचं पितळ भिंगाखाली धरलं. मग मुठीच्या वरचे, फिक्या लाकडात बसवलेले काळे सुळके मोजले.

"चौथा जरा आखूड आहे. छान."

"आखूड आणि छान?" भाऊ म्हणाला.

"यंत्र चारही सारखे कापतं. हाताने कापले की एखादा रुसतोच."

"म्हणजे झालं ना काका?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"अर्धं झालं. कारागिराचा मेहुणाही त्याच्याच लाकडाच्या, त्याच्याच पितळाच्या क्यू बनवायचा. सुळकेही हातानेच कापायचा. मेहुण्याच्या क्यूला पन्नास-साठ हजारांपुढे कुत्रं विचारत नाही."

"मेहुणे मेले सगळीकडे सारखेच," दंतवैद्य म्हणाले.

काकांचा हात मुठीवर गेला आणि थांबला. मुठीवरचा सुती दोरा पांढराशुभ्र होता. पन्नास वर्षं घाम प्यालेला दोरा असा नसतो.

"हा कोणी गुंडाळला?"

"मीच!" शिंपीणबाईंचा चेहरा उजळला. "काळाकुट्ट झाला होता हो. म्हटलं, असं ध्यान घेऊन कसं जायचं चारचौघांत? सगळा सोडला, साबणात भिजवला, वाळवला आणि परत गुंडाळला. बघा, एक फेरा दुसऱ्यावर चढलाय का!"

चढला नव्हता. तसं काम काकांनाही जमलं नसतं.

"दोऱ्याखाली लाकूड कसं होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"घाणच. पेन्सिलीने काहीतरी खरडलं होतं. तीन आडव्या रेघा, त्यांतून एक तिरकी, आणि पुढे सतरा. मला वाटलं सुताराचं माप असेल. पांढऱ्या दोऱ्यातून डाग दिसला असता, म्हणून स्पिरिटने पुसला. तरी जाईना, मग बारीक पॉलिश पेपर मारला."

काका खुर्चीत मागे टेकले.

"ती त्याची खूण," ते म्हणाले. "आणि क्यूला लागलेले दिवस. सतरा दिवस. मेहुण्याला ही खूण कधी कळली नाही. तीन फेरे उचलून मी ती बघतो आणि दोरा परत बसवतो. क्यू अस्सल आहे, बाई. ही खूण तुम्हाला मनाने सुचणारच नाही, म्हणून अस्सल आहे."

"मग लिहा ना!"

"मी ती पाहिली नाही."

दोरा पुन्हा सुटला. काकांनी लाकूड खिडकीशी धरलं, आडवं केलं, तिरकं केलं, भिंग बदललं. शिंपीणबाईंचं पॉलिशही नीटनेटकं होतं. रेघेचा खड्डासुद्धा उरला नव्हता.

भाऊ पुढे झाला. मोजायला आला होता, पण बहिणीकडे बघून त्याला राहवलं नाही. "काका, लिहून टाका हो. एक ओळ. कोणाला कळतंय?"

"मी इथेच बसलोय," दंतवैद्य म्हणाले.

कोणी हसलं नाही. शिंपीणबाई दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"फोनवर तुम्ही मला सांगितलंत, स्वच्छ फडक्यात गुंडाळून आणा," त्या म्हणाल्या. "दोऱ्याला हात लावू नका, हे का नाही सांगितलंत?"

काकांकडे उत्तर होतं. पूर्वी ते सांगत. एका गिऱ्हाइकाला सांगितलं, त्याने दोऱ्याखाली काय असतं ते उकरून काढलं, आणि वर्षाच्या आत पेन्सिलीच्या भलत्याच खुणा असलेल्या सहा खोट्या क्यू बाजारात आल्या. तेव्हापासून त्यांनी दोऱ्याचं नावच सोडलं होतं. उत्तर चोख होतं. पण त्या बोटाकडे बघत ते बोलून दाखवणं काही त्यांना जमलं नाही.

"माझं चुकलं," एवढंच म्हणाले, आणि कागदावर लिहिलं: सुळके हाताचे, पितळ जुनं, दोरा नव्याने गुंडाळलेला, खूण दिसली नाही.

दंतवैद्यांनी कागद दोनदा वाचला. "या कागदावर साठ हजार. जास्त दिले तर मीच मूर्ख."

"पण तुम्हाला माहीतेय ती खरी आहे!" भाऊ ओरडला. "आत्ता ऐकलंत ना!"

"ऐकलं. म्हणून तर घेतोय."

शिंपीणबाईंनी भावाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. महिना संपायला नऊ दिवस होते. त्यांनी दोरा आधी नीट गुंडाळून दिला, फेऱ्याला फेरा लावून, आणि मगच पैसे घेतले.

काकांनी पारखण्याची फी सोडली. भावाने रिक्षाचं भाडं दिलं. वाटणीत आपण बुडालो नाही याचा आनंद त्याला का होत नव्हता, हे त्याला वाटेत समजेना. दंतवैद्यांनी साठ हजार मोजले आणि अस्सल क्यू नेली. उरलेले तीन लाख चाळीस हजार शिंपीणबाईंनी भरले, खोलीसकट.