काळ्या शिसवाची कड

कातारी आणि त्याची थोरली बहीण एकाच लेथवर आळीपाळीनं काम करायची. पोकळ लाकडी सुरया उतरवण्यात दोघांचाही हातखंडा होता. एकदा ताईनं फिक्या लाकडाच्या सुरईला, तोंडाशी काळ्या शिसवाची कड बसवली, तर हा गिऱ्हाइकासमोरच खो खो हसला. "चांगल्या सुरईला ठिगळ लावलंस की गं!"

 त्याच महिन्यात ताईनं काम सोडलं आणि एका दुकानात कारकुनी धरली.

वीस वर्षांनी गिऱ्हाइकं तशाच दुरंगी सुरया मागू लागली, म्हणून त्यानं कड बसवून पाहिली. तीनदा सांधा उकलला. ताईला हे पहिल्याच खेपेला जमलं होतं, हे तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात शिरलं.

चौथी सुरई घेऊन तो तिच्याकडे गेला. तिनं थरथरत्या बोटानं सांधा चाचपला. "छान बसलाय."

"ताई, चुकलं माझं. परत ये ना कामाला."

"आता या हातात पटाशी धरवत नाही रे," ती म्हणाली. "पाच वर्षांपूर्वी आला असतास, तर धावत आले असते."

 सुरई तिच्यापुढे ठेवून तो तिच्याशेजारी बसला.