डावीकडची बटणं

कारखान्यात सगळे तिला काजमावशी म्हणत. सिनेमांचे कपडे शिवणाऱ्या त्या कारखान्यात ती बत्तीस वर्षं हाताने काजं करत आली होती. तिच्या काजातून बटण कधी निसटत नाही, असं मास्तर नव्या माणसांना कौतुकाने सांगायचे.

नवरा गेल्यावर आठवडाभरातच ती कामावर आली. बाई खंबीर आहे, असं लोकांना वाटलं. खंबीर कसलं? घरी बसलं काय आणि इथे बसलं काय, तिला सगळं सारखंच होतं. सुई बोटात शिरली तरी कापडावर डाग दिसल्यावरच तिला कळायचं.

दुपारच्या सुट्टीत रोज भाचीचा फोन यायचा. पुढच्या महिन्यात गुप्तहेराचा एक मोठा सिनेमा येणार होता आणि भाचीला दुसरं काही सुचत नव्हतं.

"मावशी, पोस्टर पाहिलंस? करड्या कोटातलं?"

"नाही गं."

"अगं, त्याच्या कोटाची बटणं डावीकडे आहेत! बायकांच्या कोटासारखी. आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर नुसता धुमाकूळ चाललाय. मी पहिल्यांदा लिहिलं, हा कोट त्याचा नाहीच. मागच्या भागात त्याची जोडीदारीण मेली ना, तिचा आहे. तिचा कोट घालून फिरतोय तो. चार हजार लोकांना पटलंय!"

"बरं."

"आणि ट्रेलरमध्ये मी बावीस पोशाख मोजले. एकेकाला आठ मिनिटं धर. झाला की नाही जवळजवळ तीन तासांचा सिनेमा? एक शहाणा अडीचवर अडून बसलाय. तू सांग ना, किती कपडे शिवलेत तुम्ही?"

"मी कागदावर सही केलीय बाई. बोलायचं नाही."

फोन ठेवून तिने शेजारणीच्या मोबाइलवर पोस्टर पाहिलं. बटणं खरंच डावीकडे होती. टाके तिचेच होते, ते तिने कुठेही ओळखले असते.

वर्षभरापूर्वीचा तो दिवस तिला आठवला. सकाळी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. तिने दिराला बोलावलं, त्याला खाटेजवळ बसवलं आणि दोन तासांत येते सांगून ती कारखान्यात आली, कारण कोट त्याच दिवशी जायचा होता. काजं कापली, शिवली, बटणं लावली आणि परत गेली. संध्याकाळी नवरा गेला. कोट कोणत्या बाजूने कापला, याचा तिने त्यानंतर एकदाही विचार केला नव्हता.

आता आपल्याला लाज वाटेल, असं वाटून ती थोडा वेळ थांबली. काहीच वाटलं नाही. मग ती उठली आणि मास्तरांपुढे जाऊन उभी राहिली.

"पोस्टरवरच्या कोटाची काजं मी उलट्या बाजूला केली. चूक आहे माझी."

मास्तरांनी चष्मा काढला. "तुमच्या हातून?" मग चष्मा पुन्हा चढवत म्हणाले, "तपासून मीच पाठवला होता. मला तरी कुठे दिसलं?"

त्यांनी वर कळवलं. दोन दिवस वरून काही निरोप आला नाही. तिसऱ्या दिवशी मास्तर हसतच आले. दिग्दर्शकाने म्हणे लोकांचे तर्क वाचले होते आणि ते त्याला भलतेच आवडले होते. एक प्रसंग नव्याने चित्रित होणार होता. करडे कोट आणखी सहा हवे होते, सगळे तसेच, उलटे.

"सुटलो बघा! फक्त बाहेर कुठे बोलू नका."

ती कामाला बसली, पण हात ऐकेनात. पुरुषांच्या कोटाची काजं डावीकडे करायची सवय, त्यामुळे खडू आपोआप तिकडेच जायचा. शेवटी तिने प्रत्येक कोटाच्या उजव्या बाजूला खुणेचा लाल दोरा घातला. चौथ्या कोटावर तिच्या मनात आलं, मेलेल्या माणसाचा कोट घालून कुणी फिरेल, हे त्या पोरीला सुचलं तरी कसं? विचार आला तसा गेला.

सिनेमा लागायच्या आदल्या रविवारी भाची घरी आली. बूट काढता काढताच तिने सुरुवात केली, ग्रुपवर कोण काय म्हणालं, कुणाची कशी जिरली. काजमावशी भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली,

"तो कोट चुकलेला आहे. मीच चुकवला. तुझे काका गेले, त्या दिवशी शिवला होता."

 आधी भाचीला गंमत वाटून ती थोडी हसली, मग तिचा चेहरा बदलला आणि ती जमिनीवर बसून हमसून रडायला लागली. काका गेल्यापासून ती मावशीसमोर एकदाही रडली नव्हती. काजमावशीने हात पुसले आणि ती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचे स्वतःचे डोळे कोरडेच होते.

"मी कुणाला नाही सांगणार," भाची नाक ओढत म्हणाली.

"नकोच सांगूस. माझी नोकरी जाईल."

मग विचारायला हवं म्हणून तिने विचारलं, "सिनेमा किती वेळाचा निघाला शेवटी?"

"दोन तास एक्कावन्न. काल जाहीर झालं."

"मध्ये सुट्टी असते ना? माझे पाय आखडतात."

भाचीने डोळे पुसून तिच्याकडे पाहिलं. "तू येणारेस?"

"कडेची खुर्ची मिळाली तर बघ," काजमावशी म्हणाली आणि तिने भाजीचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं.